दरवाजावरच्या खोलीतला पाव्हणा

"वाकून या, पाव्हणं—" मायाक्का म्हणाली खरी, पण तोवर पाव्हण्याचं कपाळ चौकटीवर आदळलं होतं.

घोंगड्यांचा गठ्ठा खाली टाकून तो कपाळ चोळत राहिला. तिनं पदर तोंडाला लावला, तरी हसू आवरेना.

"हसायला काय झालं?"

"कुटं काय... हितं आलेला परत्येक जण त्या चौकटीला एकदा नमस्कार करतोच की!"

सोलापूरच्या किल्ल्याजवळची ही सराई पेशवाईत बांधलेली. माळशिरसकडून घोंगडी विकायला येणारी धनगर मंडळी तिथंच उतरायची. भिमातात्या आणि काकू ती सांभाळायचे, आणि आईबापामागं पुतणी मायाक्काही त्यांच्याकडंच वाढलेली. बाजारामुळं सराई भरली होती. उरली होती फक्त दरवाजावरची एवढीशी खोली... एक बाज, एक कोनाडा आणि तळ्याकडं उघडणारी खिडकी. ती या बाळासोला मिळाली.

माघातली थंडी होती. सकाळी मायाक्का जिन्याशी ऊन पाणी ठेवून हाक मारायची.

"लई कडत हाय," वरून आवाज यायचा.

"मग तळ्यात बुडी मारा की!"

संध्याकाळी तो स्वैपाकघराच्या पायरीवर भाकरी खायला बसे. शेंगाची चटणी तिखट लागून डोळ्यांत पाणी आलं, तरी तो पुन्हा मागायचा. काकू म्हणायच्या, "पोराला चटणी लई आवडली बाई." मायाक्का चुलीकडं तोंड करून गालांत हसायची.

घोंगडी विकून झाली. दुसऱ्या सकाळी तो नवा पटका हातात घेऊन खाली आला. नजर मात्र जमिनीवर.

"हिंदुरावांच्या घरी जायचंय... त्यांची पोरगी बघायला. माझ्या वडलांनी, आप्पांनी शब्द दिलाय."

मायाक्का तडक आत गेली. मग आतून आरसा घेऊन आली आणि त्याच्यासमोर धरून उभी राहिली.

"बांदा नीट. गबाळ्यावानी गेलात तर आमच्या सराईचं नाव जाईल."

आरशाआड तिचा चेहरा दिसत नव्हता.

"आरसा हालतोय," तो हळूच म्हणाला.

"थंडी हाय की."

दिवसभर ती भांडी आपटत राहिली. गिरणीचा संध्याकाळचा भोंगा झाला, तेव्हा तो परतला.

"झालं का तोंड गोड?" तिनं विचारलं. आवाज जरा जास्तच मोठा निघाला.

"न्हाय. पोरगी बघितलीच न्हाय मी. हिंदुरावांस्नी आधीच सांगितलं, तुमच्या लेकीत खोट न्हाय, माझंच मन हितं न्हाय. लई तापले. आप्पा तर त्याहून तापतील..."

"मग कशाला गेलाता?"

"शब्द आमचा होता. मोडायचा तर तोंडावर मोडावा."

"आन् मन... कुटं हाय?" विचारलं आणि तिनंच जीभ चावली.

तो तिच्याकडं बघत राहिला. "सकाळी जायच्या आधी तात्यांस्नी देवक इचारलं. तुमचं-आमचं येगळं हाय, जुळतंय. तात्या म्हणाले, पोरीलाच इचार."

"मग?"

"इचारतोय की..."

ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मग मान वर करून म्हणाली, "आधी खोली सोडा."

त्याचा चेहरा उतरला. मुकाट्यानं वर जाऊन त्यानं वळकटी बांधली. खाली आला, तात्यांना रामराम केला आणि दरवाजाबाहेर पडला. रस्त्यावर चार पावलं गेला असेल, तोच मागून हाक आली—

"अवो! न्हाय म्हनलं व्हय मी?"

तो गर्रकन वळला.

"ज्या घरी उतरायचं, त्याच घरची पोरगी कुनी बघत्यात व्हय? रीत हाय का ही? मंगळवारी या, आप्पास्नी घेऊन, चांगलं पाव्हण्यावानी. आन्..." तिचा आवाज एकदम बारीक झाला, "...त्यांचा राग शांत न्हाय झाला, तरीबी या."

"येतो की!" तो भर रस्त्यात ओरडला. टांगेवाला घंटी वाजवत होता, पण बाळासोला ऐकूच येईना.

मायाक्कानं दार लावून घेतलं आणि त्याला पाठ टेकून, दोन्ही हातांनी तोंड झाकून, ती कितीतरी वेळ हसत राहिली.