दुसरी सीडी

मोबाइल उलटे ठेवा रे आधी. तोंडावर उजेड आला की गोष्ट सांगायला मजा येत नाही. आणि धीरज, तू हसतोस ते मला अंधारातही दिसतंय. जन्मभर वायरमन होतो मी. भर पावसात, काळोखात खांबावर चढलो, भूत म्हणून एक भेटलं नाही. म्हणून तर सांगतो. ही गोष्ट माझ्या भाच्याची, नवनीतची. प्रकाशा गावातल्या त्याच्या घरात घडलेली. दोन हजार पंचवीसची आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, तीस एप्रिल, बुधवारची रात्र.

आदल्या दिवशी रूपालीने, म्हणजे त्याच्या बायकोने, त्याला नंदुरबारला पिटाळलं होतं. पितरांसाठी मातीची घागर आण, डांगर, म्हणजे खरबूज, आण, आंबे आण. हे महाशय घागर घेऊन आले, डांगर घेऊन आले, आंबे विसरले आणि सीडी वाचायचं एक यंत्र घेऊन आले. रूपालीने कपाळावर हात मारला. "पितरेसनी हाई खावानं का आते?"

नवनीतला चाळिशीत जुन्या गेमचं वेड लागलं होतं. कॉलेजात असताना टीव्हीला डबा जोडून खेळायचे, त्या सीड्या. त्या आता खराब व्हायला लागल्या होत्या, म्हणून तो एकेक लॅपटॉपवर उतरवत होता. एका सीडीच्या दोन फायली निघायच्या. मोठीत सगळा माल, आणि चिमुकलीत कुठला तुकडा कुठून सुरू होतो ते. मग दोन्ही दाबून एक करायची, नाव द्यायचं, जागच्या जागी रचायची. मी म्हटलं, म्हणजे कणगीतलं धान्य पोत्यात भरायचं आणि पोत्यावर नाव टाकायचं. तो म्हणाला, "तसंच मामा. पण नाव चुकलं तर पोतं उघडत नाही."

सगळं मनासारखं रचून झालं. एक गेम मात्र अर्धा राहिला. तो दोन सीड्यांचा होता. पहिली नवनीतकडे होती आणि दुसरी धर्मेंद्रकडे.

धर्मेंद्र त्याचा जिवाभावाचा दोस्त. कौसाबाईचा एकुलता एक, दोन घरं सोडून राहणारा. नंदुरबारला गेमचं छोटं दुकान चालवायचा. दोन हजार सहाच्या पावसाळ्यात तापी दुथडी भरून चालली होती. नवनीतची पहिली सीडी संपली आणि याने त्याला फोन केला, "आज दुसरी सीडी नही उनी ना, तर तुन्ही-मन्ही दोस्ती खलास." थट्टाच ती. पोरं काय काय बोलतात. पण धर्मेंद्र निघाला. मोटारसायकल पुलाच्या अलीकडे सापडली. तो सापडला नाही. सीडीही नाही.

देह नाही म्हणून कौसाबाईने मरण मानलंच नाही. दर आखाजीला आपल्याकडे गेलेल्या माणसाचं नाव घेऊन घागर भरतात, उन्हाळ्यात त्याला पाणी मिळावं म्हणून. तिने कधी भरली नाही. कोणी समजवायला गेलं की उंबऱ्यातूनच परत पाठवायची. "जिता मानूसना नावनी घागर कोनी भरस का?" नवनीतची तर तिच्यासमोर मान वर होत नसे. त्या फोनचं त्याने तिला कधी सांगितलंच नव्हतं. पोरगा आतून पोखरला होता, मला दिसत होतं.

तर त्या आखाजीच्या रात्री बाहेर ओट्यावर पत्त्यांचा डाव रंगला होता. त्या दिवशी खेळायला मोकळीक असते, तुम्हाला सांगायला नको. नवनीत एकटाच आत लॅपटॉपशी. दुसरी सीडी नाही तर नाही, तिची जागा तरी असावी म्हणून त्याने एक रिकामी फाईल केली. तिला नाव दिलं, सीडी दोन, धर्मेंद्र. रूपाली पाणी घेऊन आली होती, तिने वाचलं. ती एकदम गंभीर झाली. "आज नाव लेवो नही. पानी दिधाबिगर आज नाव लेवो नही. खोडा ते."

त्याने हसून उडवून लावलं. रूपाली झोपायला गेली. ओट्यावरचा डावही उठला.

मग त्याने पहिली सीडी नीट उतरली का ते पाहायला गेम लावला. जुना डावही त्याने डब्यातून उतरवून घेतला होता, तो जिथे थांबला होता तिथूनच सुरू झाला. थोड्याच वेळात पडद्यावर पाटी आली. दुसरी सीडी टाका.

त्याने ती रिकामी फाईल निवडली. उघडणार नाही हे त्याला माहीत होतं.

उघडली.

पडदा काळा झाला. त्याच क्षणी घरातली लाईट गेली. त्या रात्री गावात लाईट गेलेली नव्हती. मी दुसऱ्या दिवशी स्वतः चौकशी केली. फ्यूजही शाबूत होता.

लॅपटॉप बॅटरीवर चालू होता. त्याच्या शेजारी सीडीचं नवं यंत्र. रिकामं. ते आपोआप फिरायला लागलं.

घुर्रर्र...

थांबलं. त्याचा कप्पा बाहेर आला. कोणी काही ठेवेल म्हणून थांबावं तसा थांबला. आत गेला. पुन्हा बाहेर आला.

खोलीत गाळाचा वास सुटला. पूर ओसरल्यावर सुटतो ना, तो.

मग दारावर थाप. एक. जरा थांबून दोन. धर्मेंद्रची थाप.

"नवन्या..."

नवनीतने दाराकडे मान वळवली.

"नवन्या... उशीर व्हयना रे."

...

"सीडी लई उनू."

सीडी घेऊन आलो म्हणत होता. कडी हलली. नवनीत उठला, दाराशी गेला, हात कडीपर्यंत नेला. आणि तिथेच थांबला. मला म्हणाला, मामा, मला भीती नव्हती वाटत, मला लाज वाटत होती.



मग अगदी दाराला तोंड लावून...

"तहान लागनी रे. पानी पाज..."

पाणी तिथेच होतं, रूपालीने आणलेलं. पण ते देणं म्हणजे तू मेलास असं त्याला तोंडावर सांगणं. तो हक्क आईचा. नवनीत दाराला पाठ लावून खाली बसला आणि लहान पोरासारखा रडला. उजाडेपर्यंत.

सकाळी तो कौसाबाईकडे गेला. मी सोबत होतो. त्याने सगळं सांगितलं. इतकी वर्षं गिळलेला तो फोनसुद्धा. मला वाटलं, म्हातारी आता याला शिव्याशाप देणार. तिने फक्त एवढंच विचारलं, "काय मांगे तो?"

"पानी, माय. तहान लागनी म्हने."

ती बसली. मग पुटपुटली, "इतला पानीमा शे... नि तहान?" आणि ओक्साबोक्शी रडत म्हणाली, "मीच त्याले पानी नही दिन्हं."

एक दिवस उशिरा का होईना, तिने घागर भरली. पोराचं नाव घेतलं, तेही मोठ्याने. घागरीच्या तोंडावर डांगर ठेवलं आणि रात्रभर तिथेच पडून राहिली, घागरीजवळ.

दुसऱ्या दिवशी ते पाणी झाडाला घालावं म्हणून घागर मी उचलली. डांगर जागचं हललेलं नव्हतं. घागर हलकी लागली. पाणी नव्हतं. म्हटलं, मातीचं भांडं, पाझरलं असेल. पण खालची जमीन कोरडी होती. आणि आत काहीतरी वाजलं.

नवनीतने मोबाइलची बॅटरी आत मारली. तळाशी गाळ होता. गाळात सीडी होती.

फोडून बघू म्हटलं, तर कौसाबाईने घागर छातीशी धरली. फोडू दिली नाही. अजून तिच्या देव्हाऱ्याखाली आहे. कोणाला खोटं वाटत असेल त्याने उद्या चला, उचलून बघा. आत वाजते. घागरीचं तोंड एवढुसं, माझी मूठ आत जात नाही.

आणि सीडी केवढी असते, ते तुम्हाला माहीत आहे.