दोन आखूड, एक लांब

वृषाली टिकमचं जहाज कधी बुडत नसे आणि तिला कधी बक्षीसही मिळत नसे. 'वेढा' नावाच्या खेळात तिचा क्रमांक चार हजारांच्या पलीकडे होता आणि गेली दोन वर्षं तो तिथेच ठाण मांडून बसला होता. मालवणच्या बर्फाच्या कारखान्यात ती यंत्रं सांभाळायची. लाद्या जमायला वेळ लागतो, तेवढ्यात एक डाव आरामात होतो, असं तिचं म्हणणं. मालकांनी ते एकदाच ऐकून घेतलं होतं आणि मग नाद सोडला होता.

'वेढा'मध्ये खेळाडूच्या हाती एक विमानवाहू जहाज येतं. ते चाळीस मिनिटं वाचवायचं, बस्स. नवख्याला वाटतं, एवढं प्रचंड धूड, त्याच्यावर तोफाही तशाच असणार. कसलं काय! विमानवाहू जहाज स्वतः फार थोडं लढतं. त्याचा जीव त्याच्याभोवतीच्या कड्यांमध्ये असतो. सगळ्यात बाहेर रडारचं विमान, लांबवरचं बघणारं. त्याच्या आत घिरट्या घालणारी लढाऊ विमानं. मग सोबतीची जहाजं, त्यांच्यावर क्षेपणास्त्रं. त्यातूनही काही निसटून आलंच तर त्याला फसवायला चकाकत्या पट्ट्यांचा ढग सोडायचा. आणि अगदी शेवटी, अंगाशी आलं की मिनिटाला हजारो गोळ्या ओकणारी बंदूक. गोळ्या मोजक्याच मिळतात. त्या भलतीकडे उधळल्या की खऱ्या हल्ल्याच्या वेळी हात चोळत बसावं लागतं.

आणि प्रत्येक डावात कुठून तरी एखादी छोटी होडी सुसाट, सरळ जहाजाच्या अंगावर येते. तिच्यात स्फोटकं असू शकतात, किंवा काहीच नसेल. हुशार खेळाडू विचार करत नाहीत, उडवतात आणि गुण घेतात. वृषाली ते करत नसे. ती तांडेलाची, म्हणजे होडीच्या म्होरक्याची मुलगी. समुद्रात जाळं पसरलेलं असताना मोठं जहाज त्यावर चालून यायला लागलं की तांडेल काय करतो, हे तिने लहानपणापासून ऐकलं होतं. तो पळून जात नाही. होडी थेट जहाजासमोर आडवी घालतो, अंगातला शर्ट काढून फडकवतो आणि हाताने दाखवतो, जाळं या बाजूला आहे बाबा, तिकडून जा. म्हणून खेळातही ती आधी पाण्यावर जाळ्याचे बावटे शोधायची, जहाज वळवायची आणि मग भोंगा द्यायची. दोन आखूड, एक लांब. तिच्या वडिलांची, भिकाजी तांडेलांची ती खूण होती. कुणी वाट दिली की ते असा भोंगा वाजवत. खेळात भोंग्याचं बटण होतं खरं, पण तिच्याशिवाय त्याला कुणी हात लावत नसे.

"ताई, तुमचं विमानवाहू जहाज म्हणजे आपली एसटी," खेळ बनवणारा, त्या भोंग्यामुळेच ओळख झालेला पुण्याचा निनाद ओगले तिला फोनवर चिडवायचा. "कुणी हात केला की थांबते."

"थांबते म्हणून तर गावात पोचते," ती म्हणायची.

तिने होड्या बुडवल्या त्या एकदाच. गेल्या मोसमात झगझगीत दिवे लावून, प्रचंड जाळी घेऊन येणाऱ्या पर्ससीन बोटींनी सगळा बांगडा ओढून नेला होता. घरात भांडणं झाली. दुसऱ्या दिवशी खेळात तशाच दिव्यांच्या तीन बोटी समोर आल्या आणि वृषालीने त्या तिन्ही उडवल्या. त्या आनंदात तिने पाव किलो गुळाचं खाजं एकटीने संपवलं. फार बरं वाटलं होतं तेव्हा.

त्या मंगळवारी सकाळी साडेनऊला निनादचा फोन आला.

"ताई, आजच जाहीर झालंय, म्हणून आता सांगतो. नौदलाचं 'अपरांत' माहितीये ना, विमानवाहू जहाज? त्याच्याभोवती माणसाविना चालणाऱ्या नौकांचं एक कडं उभं केलंय. त्यांना नाव दिलंय राखणदार. त्यांची बुद्धी आपल्या 'वेढा'वर शिकलीये! आणि आज चाचणी तुमच्याच समुद्रात."

वृषाली हसली. कोकणात राखणदार म्हणजे गावाची अदृश्य राखण करणारा. "मग नारळ दिलात का त्याला? नाहीतर कोपतो हो तो."

"द्यायला हवा होता."

"बंदूक आहे त्याच्यावर?"

"आहे. खरी आहे. जहाजावरच्या अधिकाऱ्याला थांबवता येतं, पण चार सेकंदच मिळतात."

वृषालीचं हसू गेलं. "निनाद, कुणाच्या डावांवर शिकलाय तो?"

"सगळ्यांच्या. तीन लाख डाव."

"आणि होडीवर गोळी न झाडणारे किती होते त्यात?"

"शंभरात एक. फार तर."

"माझे बाबा पहाटेच समुद्रात गेलेत," ती म्हणाली.

बंदरावर सूचना लागली होती, अमुक रेषेच्या वर जाऊ नका. भिकाजी तांडेल नियम पाळणारा माणूस, तो रेषेच्या खालीच थांबला असणार. पण जाळं कुठे सूचना वाचतं? पाण्याला ओढ लागली की ते जाईल तिकडे जातं, आणि जाळ्यामागे तांडेल. वृषालीने बंदरातून वायरलेस लावून पाहिला. उत्तर नाही. भिकाजी यंत्र बंदच ठेवायचे, कटकट करतं म्हणून. त्यांच्या 'सातेरीकृपा' होडीवर ते धरून पाच माणसं होती. निनाद म्हणाला, "मी कळवतो, ताई, लगेच कळवतो," आणि त्याने खरोखरच जिवाचं रान केलं. पण चाचणी नऊ वाजताच सुरू झाली होती आणि फोन या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहिला.

वृषाली जेटीवर जाऊन उभी राहिली. ऊन चढलं. ती सारखी कान देत होती, लांबून काही ऐकू येतं का म्हणून. तिला भयंकर राग येत होता, त्या तीन लाख डावांचा, निनादचा, बापाच्या हट्टाचा आणि स्वतःचा. पाच वर्षं ती जे हौस म्हणून खेळली, ते कुणीतरी शाळेसारखं गिरवत होतं आणि तिला पत्ताही नव्हता.

पाऊण वाजता 'सातेरीकृपा' खाडीच्या तोंडाशी दिसली. वृषालीने माणसं मोजली. तीन. मग चार. पाचवा खाली वाकून दोर गुंडाळत होता. तिने पुन्हा मोजली. पाच. पाचच्या पाच! ती तिथेच, मासळीच्या टोपल्यांमध्ये मटकन बसली आणि भर बाजारात हमसून हमसून रडली.

भिकाजी उघडेच उतरले. शर्ट खांद्यावर होता. "काय गो चेडवा, रडतंस कित्याक? बांगडो मिळालो हा!"

"बाबा, वायरलेस का बंद होता? सांगा आधी! जीव गेला असता ना माझा!"

"अगो, ऐक तरी. जाळा वायच वर सरकला. बघतंय तर मोठा जहाज सरळ तेच्यार येय होता. मगे काय, होडी घातलंय आडवी. तितक्यात एक बारकी बोट धावत इली. तिच्यार माणूस नाय काय नाय, नुसती बंदूक. ती सरळ माज्याकडे! माजी तर बोबडीच वळली. तरी शर्ट काढून फडकवलंय." ते थांबले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "आणि ती थांबली गो. बावट्यांकडे गेली, जाळ्याच्या कडेकडेन एक फेरी मारल्यान. मगे मोठा जहाज वळला. आणि जाताना त्या बारक्या बोटीन भोंगो दिल्यान. दोन बारके, एक लांब. आपलो भोंगो! तिका कोणी शिकवल्यान?"

वृषालीने बापाचा खारट हात धरून ठेवला.

संध्याकाळी निनादचा फोन आला, तोही रडायच्या बेतात. "ताई, आत्ता कळलं. आम्ही गुण देत होतो उडवलेल्या लक्ष्यांचे. राखणदाराला गुण दाखवलेच नव्हते. त्याला एकच विचारलं होतं, जहाज वाचलं का? होड्यांवर गोळ्या उधळणाऱ्यांची जहाजं पुढे खऱ्या हल्ल्यात बुडाली, गोळ्या संपल्या म्हणून. तुमचं एकदाही बुडालं नाही. छोट्या होड्यांचं सगळं तो तुमच्याकडून शिकलाय. भोंग्यासकट."

"म्हणजे एसटीच बरी," ती म्हणाली आणि दोघंही मोकळेपणाने हसले. मग तिला एकदम आठवलं. खाजं आठवलं. "निनाद, मी एकदा तीन बोटी बुडवल्या होत्या. दिव्यांच्या. ते विसरेल का तो?"

"विसरत नाही तो. पण तुम्ही पुढे काय करता, तेही शिकतच असतो."

फोन ठेवून तिने 'वेढा' उघडला आणि दिव्यांच्या बोटींचा डाव शोधून काढला. बोटी आल्या. तिने जहाज वळवलं. डाव संपल्यावर पुन्हा तोच लावला, मग आणखी एकदा. चौथ्या डावाला भिकाजी चहाचा कप घेऊन मागे येऊन उभे राहिले.

"कोणाची गो ती बोट?"

"पर्ससीनवाल्यांची."

भिकाजींनी नाक मुरडलं, एक सणसणीत शिवी हासडली आणि चहाचा घोट घेतला. मग ते वाकून त्या चिमुकल्या दिव्यांकडे बघू लागले.

"भोंगो वाजव," ते म्हणाले. "तेंचीय चेडवां जेटीर उभी असतली ना गो?"