तिसरं पुस्तक

"ताई, जरा पाय वर घ्या."

दवाखान्याच्या नोंदणी खिडकीवरचा माझा संगणक ऐन सकाळी मुका झाला होता. बाहेर रांग कुरकुरत होती, आणि हा आवाज टेबलाखालून...

"ताई कोणाला म्हणता हो? लहान आहे मी तुमच्यापेक्षा."

"इथून फक्त चपला दिसतात. वय नाही दिसत."

तो बाहेर आला तेव्हा केसांत धूळ होती आणि डोळ्यांत हसू. सगळे त्याला तारवाले म्हणत. अख्ख्या इमारतीचं नेटवर्क तो एकटा सांभाळायचा.

"काय झालं होतं?" मी विचारलं. असं त्याला कुणी विचारत नसावं. तो सांगत राहिला, मी ऐकत राहिले... शेवटी रांगेतल्या आजोबांनी काठी आपटली.

आठवड्याने मोठ्या साहेबांनी मला बोलावलं. तारवाल्याने दोन वर्षांपासून बदली मागितली होती. दूरच्या शहरात त्याचे बाबा एकटे होते. पण त्याची जागा घेणारं माणूस तयार झाल्याशिवाय त्याला सोडणार नव्हते. "तुम्हाला आवड आहे म्हणतो तो. शिका. परीक्षा पास झालात की जागा तुमची."

मी हरखले. जिना उतरताना लक्षात आलं – मी शिकले की तो जाणार.

त्याच्या यंत्रांच्या ऊबदार, गुणगुणत्या खोलीत त्याने चार पुस्तकं माझ्या हातात ठेवली.

"याच क्रमाने वाच. निळं आधी, संगणकांना पत्ते कसे देतात ते. मग करड्यातले स्विच-राउटर. तिसरं हे जाडं. सुरक्षेचं शेवटी. आणि नुसतं वाचू नकोस. करून बघ, बिघडव, दुरुस्त कर."

"बिघडलं आणि दुरुस्त नाही झालं तर?"

"मी आहे ना..." म्हणाला, आणि घाईने वायर गुंडाळू लागला.

मी वाचू लागले. मनात आपोआप ओवी जुळायची –

*पान उलटते बाई, त्याचं जाणं जवळ येतं*
*डोळा पुढं वाचतो गं, मन मागं मागं जातं*

मग मी मुद्दाम चुकू लागले. "पत्त्यांचे हे भाग पुन्हा समजावा ना." तो पुन्हा समजावायचा. पाठकोऱ्या कागदावर पेन्सिल फिरायची. त्याची बाही माझ्या मनगटाला लागायची. त्यालाही घाई नव्हती. विटेएवढं तिसरं पुस्तक आम्ही दोन महिने वाचत होतो.

"एवढं सगळं लागतं परीक्षेला?"

"लागतं तर!" तो भिंतीकडे बघत म्हणायचा.

एका दुपारी तो शिडीवर होता आणि टेबलावरचा त्याचा फोन वाजला. "घे ना, बाबा असतील."

"शिकणारी ती तूच ना, पोरी?" पलीकडून थकलेला, गोड आवाज आला. "सावकाश शिक हो. मला कसली घाई? जिना तेवढा एकट्याने उतरवत नाही आता. खिडकीत बसतो, झालं."

त्या म्हाताऱ्या माणसाला खिडकीत मी बसवलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी परीक्षेचा अर्ज भरला.

"चौथं पुस्तक राहिलंय," तो म्हणाला.

"महिन्यापूर्वीच घरी वाचून संपवलं ते. मी... मुद्दाम चुकत होते."

त्याने ते जाडं पुस्तक उचलून कपाटात ठेवलं. मग हळूच, "तिसरं पुस्तक परीक्षेला लागतच नाही."

मी पास झाले. त्याच्या शेवटच्या दिवशी पहिलं काम माझ्या वाट्याला आलं. जाणाऱ्याचं खातं नव्या माणसाने बंद करायचं, हा नियमच. पडद्यावर त्याचं नाव. माझं बोट हलेना.

"दाब."

"तू दाब ना..."

"मला आता अधिकार नाही, वेडे."

दाबलं. त्याने पासवर्ड घालून पाहिला. यंत्राने नकार दिला. तो हसायला गेला आणि ते जमलं नाही. मी त्याचा हात धरला – दिवसाउजेडी, दार सताड उघडं असताना.

"तिकडे दोन जागा आहेत," तो म्हणाला. "एक अजून रिकामी."

"मला तरी कोण सोडेल, माझ्या जागी माणूस आल्याशिवाय?"

दुसऱ्या सकाळी सूचनाफलकावर मी कागद लावला: नेटवर्क शिकायचंय त्यांनी मला भेटावं. संध्याकाळपर्यंत प्रयोगशाळेतली एक मुलगी आली.

मी तिला तीनच पुस्तकं दिली.