हाताला लागणारी शाई

पैज लागली ती कुंपणावर. इकडे पायस लोपीस, तिकडे शेजारचा नंदू, आणि मधे फळीवर बियरचे दोन कॅन.

"म्हातारी पेपरातलं अक्षर न् अक्षर वाचते," नंदू म्हणाला. "खाली छापखान्याचं नाव असतं ना, तेसुद्धा."

"वाचू दे की. मी माझं एक पान आत सरकवतो. तिला कळलं तर नाव बदलीन."

"नाव नको, कपडे बदल. बर्नाडेटवहिनींचा तो चौकड्यांचा टेबलक्लॉथ स्कॉटिश किल्टसारखा नेस, आणि रविवारी चर्चच्या दारात पेपर विक. तिच्या ग्लासगोच्या पेपरवाल्यांसारखा ओरडून."

"आणि तू हरलास तर?"

"मी बौद्ध माणूस, तुमच्या चर्चच्या दारात?"

"मग हरू नकोस, मेल्या."

म्हातारी म्हणजे समोरच्या विटांच्या घरातली रीटा गॅलॅकर. तरुणपणी नवऱ्याबरोबर ग्लासगोहून इथे ऑस्ट्रेलियात, वॉलॉंगॉंगला आली. नवरा पोर्ट केम्ब्लाच्या स्टीलवर्क्समध्ये राबून गेला; पायस आज तिथेच क्रेन चालवतो. तिची भाची ग्लासगोहून संध्याकाळच्या पेपरांचा गठ्ठा पोस्टाने धाडते. यायला महिना लागतो. रीटाआंटी रोज एकच पेपर काढते, तारखेप्रमाणे. त्यामुळे इथे जानेवारीत डांबर वितळत असतं आणि ती दारात उभी राहून सांगते, "आज धुकं आहे, सन. ट्रेन उशिरा धावतायत."

पायसला ती 'सन' म्हणायची आणि बर्नाडेटला 'हेन'. मला कोंबडी म्हणते म्हणून बर्नाडेट पहिला आठवडा फुगून बसली होती. मग कळलं, त्यांच्याकडे लाडाने तसंच म्हणतात.

शनिवारी आर्वोला, म्हणजे दुपारनंतर, पायस तिच्याकडे चहाला जायचा. ती मोठ्याने वाचायची. कुठला पब बंद झाला, कोण गेलं, कुठल्या इमारतीत जिना धुवायच्या पाळीवरून दोन बायका जुंपल्या. पायसला वाटायचं, अरे, ही तर आपली वसईच! सगळ्यात शेवटी ती आभाराचे छोटे चौकोन वाचायची. सेंट ज्यूडला नवस बोलायचा, काम झालं की पेपरात आभार छापायचे. नाव घालायचं नाही, फक्त आद्याक्षरं. पायसची आई हेच करायची. आधी काम, मग आभार. उलटं कुणी करत नाही.

पायसला घोर होता तो एकच. जेरोम. पोरगा युनीत शिकतो, आणि सुट्टी मिळाली की गळ घेऊन हिल सिक्स्टीला, समुद्रातल्या खडकांवर. तिथून दर वर्षी कुणी ना कुणी लाटेबरोबर जातं. बर्नाडेट लाइफ जॅकेट हातात देते, ते गाडीच्या डिकीत राहतं. पायस ओरडला तर पोरगा हसतो. "नो वरीज, डॅड." हसेल नाहीतर काय? बाथटबमध्ये मगर आलीय म्हणून ज्या बापाने त्याला लेक्चरमधून घरी पळवलं, त्याचं खरं कोण मानणार? पायसला हे ठाऊक होतं. रात्री ते टोचायचंही.

पण पान मात्र त्याने झकास केलं. जाड्याभरड्या कागदावर प्रिंट काढली, त्याच फॉन्टमध्ये. क्लाइड नदीत पाणघोडा दिसला. खाली चौकोन: 'हरवलेली कवळी परत मिळाल्याबद्दल सेंट ज्यूडचे आभार. आर. जी.' गंमत वाटायला जादा प्रतीही काढल्या.

शनिवार आला. दक्षिणेचा वारा सुटला होता. जेरोम सकाळीच खडकांवर गेला होता. इथे नंदू पंच म्हणून सोफ्यावर बसला, गालात हसू दाबून.

रीटाआंटीने पेपर उघडला. पानावरून अंगठा फिरवला. मग अंगठा चष्म्यासमोर धरला.

"हे पान तुझं, सन."

नंदूने टाळीच वाजवली.

"कसं ओळखलंत?" पायस खट्टू झाला.

"शाई हाताला लागत नाही. माझे वडील ग्लासगोत कोपऱ्यावर ओरडून पेपर विकायचे. रोज घरी आले की मी त्यांची बोटं पुसायची. शवपेटीत ठेवले तेव्हाही काळीच होती." तिने पुढचं पान उलटलं, आणि तिचा आवाज बदलला. "पाणघोडा ठीक आहे. पण ही गंमत वाईट आहे. अशी करू नये."

हे पान पायसचं नव्हतं. तळाशी, फुटबॉलच्या जाहिरातीखाली एक चौकोन होता.

'आमच्या जे.ला खडकावरून परत दिल्याबद्दल सेंट ज्यूडचे आभार. पी. आणि बी., वॉलॉंगॉंग.'

पायस हसला. "नंदू, साल्या, मानलं तुला."

नंदू हसत नव्हता. "आईशप्पथ, मी नाही."

पायसने अक्षरांवर अंगठा घासला.

अंगठा काळा झाला.

वर तारीख गेल्या महिन्याची होती.

"आभार आधी छापलेत," रीटाआंटी हळूच म्हणाली.

पायसने फोन लावला. रिंग वाजत राहिली. परत लावला. मग मेसेज टाकला: वर ये, आत्ताच्या आत्ता. उत्तर आलं: 'नाइस ट्राय, डॅड.'

त्यानंतर काहीच नाही.

गाडी नंदूने चालवली.  स्टीलवर्क्सच्या चिमण्या मागे पडल्या. पायस फोन लावत होता आणि मनातल्या मनात आईची नोव्हेनाची प्रार्थना म्हणत होता. मधले शब्द आठवत नव्हते.

जेरोम वर, पायवाटेच्या कडेला बसला होता. गुडघ्यापर्यंत ओला. हात रिकामे.

"डॅड," तो म्हणाला, "डिड यू सेंड दॅट ओल्ड ब्लोक?"

"कोण ओल्ड ब्लोक?"

खडकाच्या वर एक म्हातारा उभा होता म्हणे. एवढ्या उन्हात ओव्हरकोट, सपाट टोपी, काखेत कागदांचा गठ्ठा. ओरडत होता. दोनच आवाज, पुन्हा पुन्हा. शब्द कळेना. जेरोमला वाटलं, बापानेच पाठवलाय, आणखी एक प्रँक. तो चिडला. चार शब्द सुनावायला गळ खाली ठेवून वर चढला.

अर्ध्यात होता तेव्हा मागे आवाज झाला.

वळून पाहिलं तर खडकच दिसत नव्हता. नुसता फेस.

गळ, बादली, बर्फाची एस्की, सगळं गेलं होतं. वर पाहिलं तर वरही कोणी नव्हतं.

पायसने पोराची मान धरली आणि तशीच धरून ठेवली. तोंडातून एक विनोद निघेना.

"आय थॉट इट वॉज यू," जेरोम पुन्हा म्हणाला.

रविवारी नंदू स्वतःच म्हणाला, "पैज जाऊ दे रे."

"का जाऊ दे? पोरगा घरी आहे. टेबलक्लॉथच काय, पडदेसुद्धा नेसेन."

मासची प्रार्थना संपल्यावर सगळं चर्च दारात जमलं. पायसच्या केसाळ पोटऱ्या, लाल-हिरव्या चौकड्या, काखेत पाणघोड्याच्या उरलेल्या प्रती. फादर हसून हसून खांबाला टेकले. बर्नाडेटने तोंडावर हात घेतला होता. हसत होती की रडत होती, कळत नव्हतं. रीटाआंटीला लांब चालवत नाही, म्हणून नंदूने तिला व्हीलचेअरवर आणलं होतं.

"ओरड!" नंदू म्हणाला.

पायसने ठरवलं होतं, 'पेपर घ्या, ताजा पेपर' असं वसईच्या बाजारात ओरडतात तसं ठोकून द्यायचं. त्याने छाती भरून श्वास घेतला.

तोंडातून दोन आवाज निघाले. पहिला लांब, ओढलेला. दुसरा मधेच तुटलेला.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. वा, काय मस्त जमलं!

जेरोम हसता हसता थांबला.

पायसने पुन्हा वेगळं काही ओरडून पाहिलं. तेच निघालं. मग त्याने नाद सोडला. एकेकाच्या हातात पान देत गेला आणि प्रत्येकाला "थँक यू" म्हणत गेला. एवढं मनापासून त्याने आयुष्यात कधी कुणाला म्हटलं नव्हतं.

शेवटचं पान रीटाआंटीचं. तिने पान घेतलं नाही. त्याचे हात घेतले आणि उलटे केले.

बोटं काळी होती. दहाही. पार पेरांपर्यंत.

 तिने बाहीतून रुमाल काढला, त्याच्या टोकाला थुंकी लावली, आणि रोजचं काम असल्यासारखी ती बोटं पुसायला लागली.