उसन्या तिघांचा आखाडा

लॅबमध्ये स्टुलावर चढून प्लास्टरची पिशवी काढायला गेले आणि पाय मोडून स्वतःच प्लास्टरमध्ये गेले. हा विनोद तिथे आठवडाभर पुरला असेल. मी दातांच्या कॅप आणि कवळ्या करते. हात चालू असले की माझं डोकं ठिकाणावर असतं. घरी बसवलं की मी सगळ्यांना खायला उठते. नवऱ्याने दोन दिवस सहन केलं, मग माझ्या बहिणीकडून तिच्या मुलाचा जुना, हातात धरून खेळायचा व्हिडिओ गेम मागवला.

गेम चित्रविचित्र प्राणी पकडून झुंजवण्याचा. भाच्याने त्यातली गोष्ट कधीच संपवली होती. गोष्ट संपली की एक आखाडा उघडतो, तेवढाच उरला होता. त्याची रीत वेगळी. आपले प्राणी दाराबाहेर ठेवायचे. काउंटरवरची मुलगी तीन उसने देते. सामना जिंकलात तर हरलेल्याच्या तिघांतला एक घ्यायचा आणि आपला एक त्याला द्यायचा. नको असेल तर नको. हरलात की बाहेर.

मला मिळाले एक कासव, एक दगडी अंगाचा प्राणी आणि एक पिवळं पाखरू. माझी लेक चिंगी खांद्यावर हनुवटी टेकून बघत होती. तिने लगेच वाटणी केली. कासव म्हणजे बाबा, कारण तो अंघोळीला गेला की बाहेरच येत नाही. दगड म्हणजे मी, जागची हलत नाही म्हणून. पाखरू म्हणजे ती स्वतः. आतून नवरा म्हणाला की कासव तर कासव, निदान कुणाला चावत तरी नाही. टोमणा कुणाला होता ते कळलं मला.

चार-पाच सामने सहज झाले. मग एक बाई आली. मी लॅबमध्ये घालते तसा अप्रन घातलेली, केस तसेच वर बांधलेले. बाकीच्यांच्या डोक्यावर नाव असायचं, हिच्या डोक्यावर रिकामी चौकट. तिच्याकडे एक चपळ मुंगूस होतं, आणि माझं कासव प्रत्येक सामन्यात निम्मा वेळ झोपलेलं. तिला हरवल्यावर मी कासव दिलं, मुंगूस घेतलं. हरलेली माणसं जाताना काहीतरी बोलतात, पुढच्या वेळी बघून घेईन वगैरे. ही म्हणाली, ‘त्याला खिडकीकडची बाजू लागते.’ गेम करणाऱ्यांना काय सुचेल सांगता येत नाही, म्हणून मी हसले.

त्या रात्री नवऱ्याने माझी उशी उचलून भिंतीकडे टाकली आणि स्वतः खिडकीकडे आडवा झाला. लग्न झाल्यापासून तो भिंतीकडे झोपतो; रस्त्याचा आवाज त्याला सोसत नाही. गरम होतंय, म्हणाला. मी म्हटलं, बरं.

पुढे तो झपाटल्यासारखा कामाला लागला. अंघोळ पाच मिनिटांत. कधीचा गळणारा नळ दुरुस्त. मी काही मागायच्या आत हातात. फोनवर बहिणीला सांगितलं तर ती म्हणाली, तुला सुख दुखतंय. असेलही. पण तो खोलीत आला की मला उठून दुसरीकडे जावंसं वाटायचं, आणि मला उठता येत नव्हतं.

एकदा चहा पिताना तो खदखदून हसला आणि वरच्या दाढेची कॅप दिसली. ती मी केलेली. ती उंच झाली, चावताना लागते, अशी तक्रार घेऊन हा माणूस दवाखाना सोडून थेट लॅबमध्ये आला होता; आमची ओळख ती. मी त्याला जवळ बसवलं, तोंड उघडायला लावलं आणि मोबाईलचा टॉर्च मारला. दाढ तीच, रंग तोच. पण चावायच्या बाजूच्या खाचा मी खोल घेते, त्यावरून बोलणीही खाते. इथे खाचा उथळ होत्या, सुबक. काम माझ्या हातचं नव्हतं, आणि माझ्यापेक्षा बरं होतं.

“ही कुणी केली?”

“तूच की,” तो म्हणाला, आणि इतक्या मायेने माझ्याकडे बघितलं की मी टॉर्च बंद केला.

मला माझा आळशी नवरा परत हवा होता. इतकं साधं. त्याला कुठे देऊन बसले होते तेही माहीत होतं, फक्त कुणाला सांगायची सोय नव्हती.

मी सकाळपासून खेळायला लागले. प्लास्टरच्या आत पाय खाजायचा. एका हाताने विणायची सुई आत घालायची, दुसऱ्याने बटणं. हरून चालणार नव्हतं, हरलं की बाहेर. जिंकल्यावर प्रत्येक वेळी अदलाबदल विचारायचे, मी नको म्हणायचे. ताटातलं गार व्हायचं. चिंगी दप्तर घेऊन यायची, थोडं थांबून निघून जायची. अप्रनवाली काही येईना.

रविवारी दुपारी आली. शेजारच्या खोलीत तो चिंगीकडून पाढे म्हणून घेत होता. रिकाम्या चौकटीखाली ती उभी राहिली आणि सामन्याआधीच बोलली.

‘फार झोपतो हो तो.’

झोपतोच तो.

मी मुंगूस पुढे केलं. तिने कासव.

मुंगसाला हल्ला सांगितला. पडद्यावर आलं: तो तिच्याकडे बघत राहिला.

पुन्हा सांगितला. तो तिच्याकडे बघत राहिला.

कासवाने मात्र हल्ला केला. एकदाही झोपलं नाही. मुंगूस पडलं, दगड पडला, पाखरू पडलं.

आता मला बाहेर काढतील, एवढंच. नियम मला पाठ होते.

पण अदलाबदलीची पाटी तिच्या बाजूला उघडली. माझ्या तिघांवरून बाण हळूहळू सरकला. मुंगसावर थांबला नाही. दगडावर थांबला नाही.

मी सगळी बटणं दाबली. बॅटरीचं झाकण नखांनी उचकटलं, बॅटरी काढून फेकली. पडदा लगेच विझला नाही. तेवढ्यात तिचं वाक्य वाचून झालं.

‘माझी रडत नाही. कितीही ओढा.’

शेजारच्या खोलीतले पाढे थांबले होते. मी हाक मारली. चिंगी आली, काय म्हणून विचारलं. गाल तेच, तुटकी नखं तीच. मी तिला घट्ट धरून बसले. तिने धरू दिलं.

सकाळी शाळेच्या वेळेला ती कंगवा घेऊन आली आणि माझ्याकडे पाठ करून बसली. चिंगीची वेणी म्हणजे आमच्याकडे रोजचा आकांत. कंगवा दिसला की पलंगाखाली, एक गुंता सुटेपर्यंत सगळी इमारत जागी.

मी वरून खाली कंगवा फिरवला. गुंता लागला. मी ओढला.

तिचं डोकं मागे आलं, तेवढंच.

मी आणखी जोरात ओढला. केस तुटल्याचा आवाज आला. ती समोर भिंतीकडे बघत होती. माझ्या डोळ्यांना धार लागली, हात थांबेनात.

तिने न वळता हात मागे केला आणि कंगवा माझ्या हातातून सोडवून घेतला.

“रडू नकोस,” ती म्हणाली. “तिकडेही तू अशीच रडायचीस.”