झाडाच्या वतीनं

ऐन थंडीत बागेला काय काम असतं, असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा नोबुएच्या मागं हिंडून बघावं. उजाडलं की आधी कॅमेलियावरचं बर्फ बांबूनं झटकायचं, तेही हलक्या हातानं, नाहीतर काडकन फांदीच मोडते. मग पाइनच्या फांद्या तोलून धरणारे दोर सैल झालेत का ते बघायचं, झुडपांवरच्या पेंढ्याच्या टोप्या सारख्या करायच्या आणि बर्फाखाली पुरलेले मुळे रस्स्यापुरते उकरून आणायचे. हे सगळं आजवर तिचा नवरा तोकुजी करायचा. दुसऱ्या कुणाला हात लावू देईल तर शपथ!

गेल्या उन्हाळ्यात त्याला झटका आला. उजवं अंग लुळं पडलं आणि वाचा गेली. आता तो दिवसभर शेगडीच्या ठेंगण्या मेजाशी, रजईत पाय घालून, काचेच्या दारातून बागेकडे बघत असायचा. जन्मभर ज्यानं बडबडून घर डोक्यावर घेतलं, तो माणूस गप्प. त्याला भरवणं, पुसणं, उचलणं याचं नोबुएला काही वाटत नव्हतं. ती शांतता मात्र तिला खायला उठायची.

"अहो, एखादी शिवी तरी घाला," ती म्हणायची. तो डोळे मिटायचा.

जानेवारीच्या मध्यावर धाकटं नववर्ष आलं. त्या दिवशी गावात फळझाडाला दम द्यायची रीत आहे. एकानं कोयता घेऊन झाडापुढं उभं राहायचं, "यंदा फळ धरशील की नाही? नाही धरलंस तर तोडीन," म्हणायचं आणि बुंध्यावर एक घाव घालायचा. दुसऱ्यानं बुंध्यामागं लपून झाडाच्या वतीनं उत्तर द्यायचं. मग लाल चवळीची पेज त्या घावाला फासायची. वर्षातून एकदाच विचारायचं, पुन्हा नाही. नोबुएच्या अंगणात पर्सिमनचं जुनं झाड होतं. दम द्यायचं काम तिचं आणि लपायचं तोकुजीचं, जरी त्याचं पोट बुंध्याच्या दोन्ही बाजूंनी दिसायचं. "धरीन गं बाई, धरीन!" तो आवाज बारीक करून म्हणायचा. "पण तुझ्या त्या जाड्या नवऱ्याला माझ्यावर चढवू नकोस, कंबर मोडेल माझी!" दर वर्षी नवी थट्टा, आणि दर वर्षी नोबुए हसून हसून कोयता खाली टाकायची.

यंदा ती एकटीच गेली. रीत मोडायला नको, एवढंच.

"फळ धरशील की नाही?" तिनं विचारलं आणि घाव घातला. तिला स्वतःचंच हसू आलं, मग रडू यायला लागलं.

"धरीन, धरीन. तोडू नकोस."

आवाज बुंध्यामागून आला. तोकुजीचा आवाज, तोच घोगरा, तोच शेवटी ओढलेला.

नोबुए धावत मागं गेली. तिथं कुणी नव्हतं. गुडघाभर बर्फ जसंच्या तसं पडलेलं होतं, त्यावर साधा चिमणीचा पायसुद्धा उमटलेला नव्हता. तिनं घावाला पेज फासली आणि घरात पळत येऊन नवऱ्याला सगळं सांगितलं. तोकुजीचा चहा रजईवर सांडला. त्यानं डाव्या हातानं तिचा एप्रन जो गच्च धरला, तो सोडेना. आनंद झाला असेल बिचाऱ्याला, असं तिला वाटलं.

दुसऱ्या दिवशी ती कॅमेलियाचं बर्फ झटकायला म्हणून बाहेर पडली आणि कोयता घेऊन पर्सिमनपुढं उभी राहिली. पुन्हा विचारायचं नसतं, हे तिला ठाऊक होतं. पण काय करणार, आवाज ऐकायचा होता. तिनं दुसरा घाव घातला.

"नोबुए," झाड म्हणालं, "बोटं गारठली असतील तुझी."

ती तिथंच बर्फात बसून रडली. किती महिन्यांनी कुणी तिला नावानं हाक मारली होती! मग डोळे पुसून ती म्हणाली, "काहीतरी थट्टा करा ना."

मग आवाज आला, "धरीन गं बाई, पण पेजेत मीठ घाल जरा," आणि मध्येच खोकल्याची उबळ. तोकुजीला एका वर्षी सर्दी झाली होती, त्या वर्षीची ही थट्टा होती. खोकलाही तेव्हाचाच, त्याच शब्दावर आलेला.

हे नोबुएच्या ध्यानात आलं. तरी ती घरात आली ती गुणगुणतच.

दुपारी शेजारच्या इगाराशीबाई कुंपणावरून डोकावल्या. "काय वहिनी, तोंड गोड कधी करताय? भाऊजी बोलायला लागले की!"

"तुम्ही ऐकलंत?"

"म्हणजे काय! सकाळी बागेत खोकत होते ना. या थंडीत कशाला हो बाहेर काढता त्यांना?"

नोबुए नुसती हसली. म्हणजे आपल्याला भास होत नाही तर, हे कळून तिला फार बरं वाटलं.

संध्याकाळी कोयता मोरीतल्या जागेवर नव्हता. शोधशोध शोधला, तो तोकुजीच्या रजईखाली निघाला. हा माणूस लुळ्या अंगानं फरफटत मोरीपर्यंत गेला होता.

"हे काय पोरासारखं?" ती ओरडली. "तुम्हाला बोलता येत नाही म्हणून मी ऐकायचंही नाही का?" तिनं कोयता हिसकून घेतला. तोकुजीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तो सारखी मान हलवत होता, नाही, नाही. एवढं लागेल असं बोलायला नको होतं, हे तिला लगेच कळलं. पण ती माफी न मागता भात वाढायला उठली.

पुढच्या सकाळी तिनं कोयता उगारलाही नव्हता.

"थंडी वाजते," बुंध्यामागून आवाज आला. "मला घरात घे."

नोबुएनं घराकडं पाहिलं. तोकुजी सरपटत काचेपर्यंत आला होता. डावा पंजा काचेवर आपटत होता. तोंड उघडत होतं, मिटत होतं. आवाज नव्हता.

"घे ना गं," झाड म्हणालं. किती गोड म्हणालं!

ती मध्येच उभी राहिली. तिकडं माणूस, इकडं त्याचा आवाज.

"या," ती म्हणाली.

छपरावरचं सगळं बर्फ एकदम धप्पकन अंगणात कोसळलं. पांढरा धुरळा उठला आणि घर दिसेनासं झालं. धुरळा बसला तेव्हा काचेपाशी कुणी नव्हतं आणि दार उघडं होतं.

नोबुए धावली.

तोकुजी मेजाशी ताठ बसला होता. "अगं ए," तो म्हणाला, "चहा दे की!"

तिनं त्याच्या गळ्यात हात टाकले. ती हसली, रडली, पुन्हा हसली. त्यानं उजव्या हातानं तिची पाठ थोपटली. तो हात भलताच गार होता. असेल, दार उघडं राहिलं होतं ना.

ती दार लावायला उठली आणि तिला अंगणातली वाट दिसली. ओट्यापासून पर्सिमनपर्यंत, आत्ताच पडलेल्या बर्फावरून, एक पाय उमटलेला आणि एक फरफटत नेलेला. वाट बुंध्यामागं गेली होती. परत आलेली नव्हती.

बुंध्याच्या कडेला, ताज्या घावाशेजारी, एका डाव्या हाताची बोटं सालीला घट्ट धरून होती.

"बसायला किती बरं वाटतं गं," मागून तोकुजीचा आवाज म्हणाला. "इतकी वर्षं नुसतं उभं."

नोबुए हलली नाही. बोटं थंडीनं निळी पडत चालली होती. एक बोट सुटलं, पुन्हा चाचपडत सालीला लागलं.

"वारा येतोय. दार लाव ना, नोबुए."

किती महिन्यांनी घरात कुणी तिच्याशी बोलत होतं.

नोबुएनं दार सरकवून लावलं. मग खाली वाकून कडीही घातली.