निळं शिवा, लाल नको

फ्रीटाऊनच्या ऑक्सफर्ड रस्त्यावर शिवणयंत्रांचं एक दुकान होतं, आणि दर शनिवारी रेमिलेकू कोल तिथे जाऊन काहीही विकत न घेता चांगला अर्धा तास बसत असे. नव्या यंत्राचा दांडा फिरवायचा, चिंधीवर चार टाके घालायचे, उसासा टाकायचा आणि घरची वाट धरायची. घरी आत्याचं जुनं यंत्र होतं. त्याचा टाका एकाच दोऱ्याचा. टोक चुकून ओढलं गेलं की अख्खी शिवण सुळकन उसवायची. मागच्या ईस्टरला रेमीने शिवून दिलेल्या मिसेस थॉर्पच्या झग्याचा दोरा चर्चच्या बाकाच्या खिळ्यात अडकला आणि प्रार्थना संपेपर्यंत बाही सुटून हातात आली. तेव्हापासून रेमीने दोन दोऱ्यांच्या यंत्राचा ध्यासच घेतला होता.

त्या शनिवारी दुकानात एक उंच तरुण खांद्यावर कापडाचा गठ्ठा घेऊन उभा होता. शर्टाच्या बाह्या दुमडलेल्या, बोटांवर कसले तरी काळे डाग. हा दुकानातलाच माणूस, असं समजून रेमीने त्याला फर्मावलं, "जरा दोरा ओवून दाखवा."

तो गोंधळला. मग गठ्ठा खाली ठेवून निमूटपणे यंत्रापुढे बसला. दोरा उलट्या बाजूने ओवला, दांडाही उलटाच फिरवला, आणि बघता बघता खाली असा गुंता झाला की सुई वर यायला तयार होईना.

"तुम्हाला इथे नोकरीवर कुणी ठेवलं?" रेमीने विचारलं.

"कुणीच नाही. मी गिऱ्हाईक आहे. पडद्याचं कापड घ्यायला आलो होतो."

"मग तसं सांगायचं ना!"

"तुम्ही इतक्या ठसक्यात सांगितलंत... नाही म्हणायची छातीच झाली नाही."

रेमीला हसू आवरेना. त्याच्याही डोळ्यांत हसू होतं, पण ओठ मात्र शहाण्यासारखे मिटलेले. त्याचं नाव जोसाया डेकर. वेस्टमोरलंड रस्त्यावर त्याने फोटोचं दुकान नुकतंच थाटलं होतं. गुंता सोडवून होईपर्यंत त्याच्या पडद्याला दुमड घालून द्यायचं काम रेमीने अंगावर घेतलंही होतं.

आता एका पडद्याला दुमड घालायला किती वेळ लागतो? सकाळी बसलं तर दुपारच्या जेवणाआधी उठावं. रेमीने तीन आठवडे लावले. कधी माप विसरायचं, कधी दोऱ्याचा रंग दाखवायला जायचं. तो तिच्यासाठी आल्याचं सरबत करून ठेवायचा, आणि ते दर वेळी इतकं तिखट व्हायचं की दोघांच्याही डोळ्यांतून पाणी यायचं. मग तो म्हणायचा, पुढच्या वेळी आलं कमी घालतो. पुढची वेळ येणार, हे दोघांनीही गृहीतच धरलेलं.

आणि मग एका संध्याकाळी केझाया आत्याने कसाव्याच्या फुफूचा गोळा मोडता मोडता सांगून टाकलं, की दूरच्या बाथर्स्ट बंदरातल्या मिस्टर रेनरकडून निरोप आलाय. ते तिथे मोठे कारकून, वय चाळिशीच्या आतबाहेर, घर दुमजली. मुलीचा फोटो हवाय. पसंत पडली तर साखरपुड्याची अंगठी आणि बायबल पुढच्याच बोटीने. फोटो नेणारी बोट शनिवारी सुटणार होती.

रेमीने हातातला घास ताटात परत ठेवला. पण आत्यासमोर नाही म्हणणं तिला आजवर कधी जमलंच नव्हतं. सहा वर्षांची असल्यापासून आत्याने तिला वाढवलं होतं. बाजारात कोलाच्या बिया विकून शाळेत घातलं होतं, तापात रात्र रात्र उशाशी बसली होती. त्या बाईच्या तोंडावर नाही कसं म्हणायचं? मिस्टर रेनरकडूनच नकार आला तर गोष्ट वेगळी. पण ते कशाला नकार देतील? आरशात बघून रेमीला तशी आशा वाटेना.

दुसऱ्या दिवशी ती जोसायाकडे गेली आणि फोटो काढायचाय म्हणाली. तो खुलला. कुणासाठी, ते तिने सांगितलं आणि तो हातातली काच पुसतच राहिला. आधीच लख्ख असलेली काच.

"कोणत्या रंगाचं शिवू?" तिने विचारलं. त्याने काहीतरी बोलावं... काहीही, असं तिला फार वाटत होतं.

तो बोलला, पण धंद्याचं बोलला. म्हणाला, फोटोच्या काचेला आपल्यासारखे रंग दिसत नाहीत. आभाळी निळा फोटोत पांढराशुभ्र येतो, नवरीसारखा. आणि लाल येतो काळाकुट्ट. एकीने लग्नाचा लाल झगा घालून फोटो काढला, तर बाई थेट सुतकातली दिसली. तेव्हापासून ती आपल्याला रस्त्यात ओळख देत नाही.

"निळं शिवा," तो खाली बघत म्हणाला. "लाल मात्र नको. निळ्यात... तुम्ही कुणालाही पसंत पडाल."

रेमीला राग आला, आणि वाईटही वाटलं. असा कसा हा माणूस? मनातलं गिळून बसेल, पण खोटा सल्ला देणार नाही. त्याच पावली ती कापडाच्या दुकानात गेली. दुकानदाराने पुढ्यात गठ्ठ्यांमागून गठ्ठे टाकले. तिने निळ्या कापडावरून एकदा हात फिरवला, मग शेजारच्या गठ्ठ्यावर बोट ठेवलं आणि बारा वार मागितलं. मिरचीसारखं लालभडक. आत्याने ते बघून मान डोलावली. तरण्या पोरीने असंच झळकावं, म्हणाली. चार दिवस जुन्या यंत्राचा दांडा गरगर फिरत होता.

गुरुवारी दोघी फोटोच्या दुकानात आल्या. हरमॅटनच्या कोरड्या वाऱ्यातल्या धुळीने उजेड मऊ झाला होता. रेमीने अंगावरची शाल काढली आणि जोसायाच्या हातातली लाकडी चौकट खाली पडली.

"मॅडम," तो आत्याकडे वळला, "हा रंग जरा..."

"मिस्टर डेकर," रेमी मध्येच म्हणाली, "झगा मी स्वतः शिवलाय. शिवताना मला सगळं ठाऊक होतं."

तो तिच्याकडे बघतच राहिला. तिने नजर हलवली नाही, पण कानाच्या पाळ्या तापल्याचं तिला जाणवत होतं. आत्या खुर्चीवरची धूळ झटकण्यात गुंतलेली. मग त्याने कॅमेऱ्यावरचं काळं कापड डोक्यावर ओढलं आणि बराच वेळ बाहेरच येईना. शेवटी आतून घोगरा आवाज आला, हलू नका, आणि कृपा करून हसू नका.

शनिवारी सकाळी आत्याने फोटो हातात घेतला आणि तिची मुद्राच बदलली. चित्रातली रेमी गळ्यापासून टाचेपर्यंत काळी, जणू कालच नवऱ्याला माती देऊन आलेली. मी नवरी पाठवतेय की विधवा, असं आत्याने विचारलं. आवाज चढला नव्हता, म्हणून जास्तच भीती वाटली.

"चूक माझी," जोसाया म्हणाला. "हात चुकला. पुन्हा काढून देतो... निळ्या कपड्यात."

आत्या म्हणाली, पुन्हा कसला काढतोस? उद्या चर्चमध्ये सगळ्यांना सांगते, तुझ्या दारात कुणी पाऊल ठेवणार नाही. आणि ती ते खरं करून दाखवणारी बाई होती. जोसायाने नुसती मान खाली घातली.

रेमी दोघांच्या मध्ये येऊन उभी राहिली. हा मुकाट्याने आपलं दुकान बुडवून घेणार होता. तिच्यासाठी.

"आत्या," ती म्हणाली, "त्यांनी मला आधीच सांगितलं होतं. लाल काळं येतं म्हणून. मी मुद्दाम लाल शिवलं."

आत्या सावकाश खुर्चीत बसली. "बारा वार?"

"बारा वार."

"तोंड नव्हतं तुला?"

"तुझ्यासमोर नाही म्हणवत नाही गं."

आत्याने फोटो उपडा करून मांडीवर ठेवला. मग डोळे पुसत म्हणाली, "मी गेल्यावर तुझ्या डोक्यावर छप्पर असावं, एवढंच होतं माझ्या मनात. तुला बोटीत ढकलायची मला हौस होती का? रेनरला मी लिहीन काय ते." आणि लगेच जोसायाकडे वळली. "आणि तू रे. पोरीने तुझ्यापायी बारा वार कापड शिवलं, आणि तुला माझ्या घरापर्यंत चार पावलं टाकवेनात?"

"मिस्टर रेनरचं दुमजली घर आहे. माझ्याकडे एक कॅमेरा आहे, मॅडम."

"घर विचारलं का मी? तुझी माणसं कोण आहेत?"

हेस्टिंग्सला थोरले काका आहेत, त्याने सांगितलं. मग त्यांना पाठव, आत्या म्हणाली, रीतीने येऊ देत.

रीतीने म्हणजे काय, ते तिथे सगळ्यांना पाठ असतं. नवरा मुलगा यायचा नाही. त्याच्या माणसांनी अंगठी आणि बायबल ठेवलेला, सजवलेला पोकळ भोपळा घेऊन दाराशी यायचं आणि म्हणायचं, तुमच्या बागेत एक गुलाब पाहिलाय, तो मागायला आलोय. घरच्यांनी मुद्दाम दुसऱ्याच मुली पुढे आणायच्या, पाहुण्यांनी म्हणायचं, सुंदर आहे, पण हा आमचा गुलाब नव्हे. असं तीन-चार वेळा झालं की खरी मुलगी बोलवायची आणि भोपळा तिच्या हाती द्यायचा. तोवर तिने आतल्या खोलीत गुपचूप बसायचं.

काका आले. वय झालेलं, नजर मंदावलेली, आणि आपल्या पुतण्याची रेमी त्यांनी कधी पाहिलेलीच नव्हती. आत्याने पहिल्यांदा शेजारच्या फ्लोरेन्सला पुढे केलं. फ्लोरेन्स देखणी, हसरी. काकांनी डोळे बारीक केले, खूश झाले, म्हणाले, "वा, सुंदर आहे," आणि पुढचं वाक्य विसरून सरळ भोपळा उचलून तिच्यापुढे धरला.

दारामागे रेमी उठून उभी राहिली. कुणीतरी काकांना अडवलं असतंच, पण तेवढा धीर कुणाला? पडदा सारून ती ताडताड बाहेर आली आणि भरल्या घरापुढे म्हणाली, "मी आहे ती. मीच."

घर हसून हसून लोटपोट झालं. आत्याने रुमालाने तोंड झाकलं. काकांनी मान कलती करून तिच्याकडे नीट पाहिलं.

"अगं पोरी," ते म्हणाले, "आम्ही तुला अजून विचारलं कुठे?"

"तरी हो," रेमी म्हणाली.